उन्हाळा लागला की ड्रॉसेराचं दव का जातं?

होळी झाली की ओळखीपाळखीच्यांकडून ड्रॉसेराचे, म्हणजे पानांवरच्या दवासारख्या चिकट थेंबांनी किडे पकडणाऱ्या दवबिंदूचे, फोटो यायला लागतात. जानेवारीत हौसेने आणलेली कुंडी, तेव्हा पानापानावर लाल केस आणि केसाकेसावर चिकट थेंब. मार्च सरता सरता थेंब विरळ होतात, एप्रिलमध्ये पानांची टोकं करपतात आणि मेमध्ये कुंडीत नुसत्या काड्या उरतात. पुढच्या हिवाळ्यात नवीन झाड येतं, पुढच्या उन्हाळ्यात तेही जातं. प्रत्येकाचं निदान एकच असतं: नाशिकची हवा कोरडी, दमटपणा कमी पडला. मग कोणीतरी प्लॅस्टिकची बाटली कापून झाडावर उपडी घालायला सांगतं आणि दोन दिवसांत झाड उकडून निघतं.

मला हे निदान पटत नाही. आपली हवा जानेवारीच्या दुपारीही काही दमट नसते, तरी तेव्हा हीच झाडं थेंबांनी लगडलेली असतात. उन्हाळ्यात हवेच्या जोडीने आणखी तीन गोष्टी बदलतात आणि त्या पटकन लक्षात येत नाहीत. कुंडीत क्षार साठत जातात, मुळं तापतात आणि गॅलरीतल्या उन्हाची जागा सरकते. झाड बहुतेक वेळा या तिघांपैकी कशाने तरी जातं. म्हणून तपासायचं ते याच क्रमाने, आणि हवेचा नंबर शेवटी.

ड्रॉसेरा म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे मुख्यतः कॅपेन्सिस आणि स्पॅट्युलाटा आहेत, कारण घरोघरी हेच दोन असतात. कॅपेन्सिस दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातला, लांब पट्टीसारख्या पानांचा. स्पॅट्युलाटा पूर्व आशियापासून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडपर्यंत सापडणारा, जमिनीला चिकटून गोल पसरणारा. दोघांनाही १५ ते २८ अंश मानवतात. रात्री ७-८ पर्यंत उतरलं तरी ते निभावून नेतात, ३५ च्या वर गेलं की कुरकुर सुरू होते. म्हणजे नाशिकचा हिवाळा त्यांच्या पथ्यावरच पडतो. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात त्या आठवड्यात कुंडी उघड्या गच्चीवरून आत घ्यावी, बाकी हिवाळ्यात काही करावं लागत नाही.

झाड खरंच आजारी आहे का?

आधी सकाळी सातच्या सुमारास झाड बघा. मेमध्ये दुपारी तीन वाजता काढलेल्या फोटोवरून काहीच कळत नाही, कारण त्या वेळी चांगल्या झाडाचेही थेंब बारीक झालेले असतात. रात्रीतून ते परत भरतात. सकाळी थेंब आहेत आणि दुपारी नाहीत, तर झाड ठीक आहे. सकाळीही पान कोरडं असेल तरच पुढचं वाचा.

पावसात भिजल्यावर थेंब धुऊन जातात, ते एक-दोन दिवसांत येतात. कुरिअरने आलेलं किंवा नुकतंच कुंडी बदललेलं झाड दोन-तीन आठवडे कोरडं राहू शकतं. सगळ्यात खालची पानं काळी पडून वाळणं हा तर रोजचा कारभार आहे. मधून नवं पान येतं, खालून जुनं जातं.

खरी खबर मधल्या कोंबात असते. मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन किंवा साधं भिंग घेऊन बघा. कॅपेन्सिसचं नवं पान गुंडाळलेलं निघतं, टोकाकडून हळूहळू उलगडतं आणि पुरतं उलगडण्याआधीच त्याच्या केसांच्या टोकांवर लाल गाठी दिसायला लागतात. त्या गाठींवर थेंब धरला असेल तर झाडाचं आज बरं चाललंय, मग बाहेरची पानं कशीही दिसोत. नवं पान लांब, मऊ, फिकट हिरवं आणि केस पांढुरके असतील तर उजेड कमी आहे. नवं पान आखूड, टोकाला जळलेलं आणि उलगडता उलगडताच अडकलेलं असेल तर पाण्यावर संशय घ्या. पान वेडंवाकडं पिळलेलं असेल तर कोंबात मावा आहे का ते बघा.

आणखी एक. कोरडं पडलेलं जुनं पान सहसा पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. काहीही बदल केला तरी त्याचा निकाल पुढच्या दोन-तीन नव्या पानांत दिसतो, म्हणजे तीन-चार आठवडे लागतात. लोक आज जागा बदलतात, उद्या माती, परवा पाणी, आणि मग कशाने काय झालं ते कोणालाच कळत नाही. एका वेळी एकच बदल करा.

पाणी

दवबिंदूच्या कुळातली ही झाडं निकस, आम्लधर्मी, सतत ओल्या जमिनीत वाढलेली असतात. नत्र-स्फुरद ती किड्यांकडून घेतात आणि मुळांवर मुख्य काम पाण्याचं ठेवतात. त्यामुळे आपल्या तुळशीला जे पाणी गोड लागतं ते या मुळांना सोसत नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ५० च्या खाली असेल तर उत्तम. १०० पर्यंत चालवून घेता येतं, पण मग कुंडी अधूनमधून धुवावी लागते. त्याच्या वर गेलं की झाड एकदम मरत नाही, महिन्यागणिक खंगत जातं.

आता उन्हाळ्याचा हिशेब मांडा. ड्रॉसेराच्या कुंड्या आपण ट्रेमध्ये सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पाण्यात ठेवतो. ३० बाय ४० सेंटिमीटरच्या ट्रेमधून मेच्या झळांत दिवसाला ८-९ मिलिमीटर पाणी उडतं, म्हणजे साधारण एक लिटर. उडतं ते निव्वळ पाणी. त्यातले क्षार उडत नाहीत, ते कुंडीत चढतात आणि तिथेच बसतात. टीडीएस १०० म्हणजे लिटरमागे १०० मिलिग्रॅम. एप्रिल-मे मिळून साठ लिटर पाणी घातलंत तर ६ ग्रॅम क्षार झाले, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर मीठ, तेही चार-पाच छोट्या कुंड्यांत. पाणी ३०० टीडीएसचं असेल तर तीन चमचे. जानेवारीत निम्म्याहून कमी पाणी उडतं म्हणून तेच पाणी खपून जातं. मग जुलैत पाऊस वरून पडतो, क्षार धुऊन जातात, झाड तरारतं आणि लोक म्हणतात, बघा, दमट हवा मिळाली!

त्यात आपल्या सोसायट्यांची तऱ्हा. वर टाकी एकच असते. मार्चपर्यंत तिच्यात महापालिकेचं पाणी असतं, नंतर कपात सुरू झाली की बोअरचं किंवा टँकरचं मिसळतं. आपल्या काळ्या कातळातलं बोअरचं पाणी जड असतं, हे गीझरच्या कॉइलवर बसलेला पांढरा थर बघून कोणीही सांगेल. नळ तोच, पाणी वेगळं. म्हणून डिसेंबरात एकदा मोजून "आमचं पाणी चांगलं आहे" असं धरून चालू नका.

इंदिरानगरमध्ये एका काकूंकडे कॅपेन्सिसच्या तीन कुंड्या अशाच खंगत होत्या. पाणी फिल्टरचंच घालते, असं त्या ठामपणे सांगत होत्या आणि ते खरंही होतं. कुंडीच्या काठावर, प्लॅस्टिक आणि मातीच्या मधल्या रेषेवर, नखाने खरवडून निघेल असा पांढुरका थर होता. मातीवरचं शेवाळ तपकिरी पडलेलं. पेल्यात फिल्टरचं पाणी घेऊन मीटर बुडवला तर आकडा २६० च्या आसपास. फिल्टर यूव्हीचा होता. यूव्ही जंतू मारतो, क्षारांना हात लावत नाही. नाशिकमध्ये पालिकेचं पाणी बरं म्हणून पुष्कळ घरांत यूव्हीच असतो आणि सगळे त्याला फिल्टरच म्हणतात. तुमच्याकडे आरओ असेल तरी लगेच निश्चिंत होऊ नका. चवीसाठी त्यात थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं परत मिसळायची सोय असते, त्यामुळे नळीतून ८० ते १५० सहज निघतात. मेम्ब्रेन जुनी झाली की आणखी वाढतात.

तेव्हा पहिली खरेदी झाडाची नको, टीडीएस मीटरची करा. पेनाएवढा असतो, ऑनलाइन काहीशे रुपयांत मिळतो आणि त्याच्याशिवाय पाण्यावर केलेली सगळी चर्चा हवेतली आहे.

पाणी आणायचं कुठून? आपल्याकडे सगळ्यात स्वस्त उपाय पावसाचाच. जूनच्या पहिल्या एक-दोन सरींनी गच्ची, पन्हाळी धुऊन जाऊ द्या आणि मग साठवा. वरचा हिशेब धरला तर एका ट्रेला एप्रिल-मेसाठी साठ लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीन कॅन. झाकण घट्ट लावून अंधाऱ्या जागी ठेवले की पाणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकतं. तळाशी थोडा गाळ बसतो, तो ढवळायचा नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी आणावं. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचा कॅन मिळतो. फक्त ते पाणीच आहे, ॲसिड नाही, याची खात्री करून घ्या आणि मीटर बुडवून बघा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही मोजल्यावर चांगलं निघतं, पण मेच्या कोरड्या हवेत एसीतून पाणी पडतंच कितीसं? नेमकं हवं तेव्हा मिळत नाही. उकळून गार केलेलं पाणी चालेल का, असं हमखास विचारतात. उकळल्याने काही चुना भांड्याला धरतो, बाकीचं सगळं पाण्यातच राहतं आणि आटल्याने उलट दाट होतं. चालणार नाही.

क्षार साठलेच असतील तर कुंडी ट्रेमधून बाहेर काढा आणि कुंडीच्या मापाच्या दोन-तीन पट चांगलं पाणी वरून, झाडाच्या बाजूने, सावकाश ओता. खालून निघणारं शेवटचं पाणी मोजा. आकडा ओतलेल्या पाण्याच्या जवळ आला की पुरे. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा हे केलं तर टीडीएस ७०-८० च्या पाण्यावरही झाडं निभतात. पावसाळ्यात कुंड्या काही दिवस सरळ पावसात ठेवून द्या, फुकट धुऊन निघतात.

ट्रेमधल्या पाण्यावरून घरात दुसरं भांडण होतं ते डासांचं, आणि ते रास्त आहे. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, तेव्हा आठवड्यातून एकदा ट्रे पूर्ण रिकामा करा, पुसा आणि पुन्हा भरा. तेवढ्या वेळात कुंडी ओलीच असते, झाडाला काही होत नाही.

मुळं किती तापतात?

हवामानाचा ४० अंशांचा आकडा सावलीतला असतो. पश्चिमेच्या कठड्यावर, काळ्या प्लॅस्टिकच्या चार इंची कुंडीत, दुपारी चार वाजता मातीचं तापमान किती असतं ते कोणी बघत नाही. फिशटँकसाठी मिळणारा, वायरच्या टोकाला सळई असलेला थर्मामीटर कुंडीत बोटभर खोल खुपसून ठेवा. आकडा ४५ च्या आसपास दिसला तर नवल वाटू देऊ नका. पानं ३८ अंशांची हवा काही तास सोसतात, मुळं मात्र इतक्या उष्णतेत शिजतात. मुळं गेली की पाण्यात उभं राहूनही झाड तहानेलं राहतं, आणि तहानेलं झाड सगळ्यात आधी दव सोडतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, हवा कोरडी म्हणून सुकलं.

पहिला उपाय जागेचा. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत दुपारी बारानंतरचं ऊन कुंडीवर पडता कामा नये. कुंडी फरशीवर, पत्र्यावर ठेवू नका. लाकडी पाटावर किंवा विटांवर उचलून ठेवा. काळी कुंडी असेल तर बाहेरून पांढरा कागद गुंडाळला तरी फरक पडतो.

दुसरा उपाय नाशिकच्या कोरडेपणाचाच फायदा घेणारा आहे. मातीची मोठी कुंडी घ्या, तळाला विटेचा तुकडा ठेवा, त्यावर एका लहान डब्यात ड्रॉसेराची प्लॅस्टिकची कुंडी उभी करा आणि आजूबाजूच्या जागेत वाळू भरून ती ओली ठेवा. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने आतली कुंडी गार राहते. हवा जितकी कोरडी तितकी जास्त. सावलीत ठेवलेल्या अशा जोडकुंडीत माती बाहेरच्या हवेपेक्षा सहा-आठ अंशांनी सहज कमी असते. बाहेरच्या वाळूत नळाचं पाणी चालतं, चांगलं पाणी फक्त आतल्या डब्यात. डब्याचा काठ वाळूपेक्षा दोन बोटं वर हवा, नाहीतर नळाचं पाणी आत झिरपेल. हाच उपाय मुंबईच्या दमट हवेत फारसा चालत नाही.

मेमध्येही नाशिकची रात्र २२-२३ अंशांपर्यंत उतरते, ही आपली जमेची बाजू. दिवसाच्या तापातून झाड सावरतं ते रात्री. म्हणून कुंडी रात्री बंद खोलीत घेऊ नका, गॅलरीतच राहू द्या. बर्फाचे खडे, फ्रीजचं पाणी असले प्रकार मात्र नकोत.

ऊन सरकतं, कुंडी तिथेच राहते

नाशिक २० अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन पार दारापर्यंत येतं. २० मेच्या आसपास तो बरोबर डोक्यावर येतो, तोच आपला शून्य सावलीचा दिवस. पुढे जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे दक्षिणेच्या ज्या गॅलरीत जानेवारीत झाड लालभडक होतं, तिथे एप्रिलच्या मध्यापासून थेट ऊन जवळजवळ येतच नाही. वर स्लॅब असतो. झाड लांबुळकं, फिकट होतं, दव कमी होतं. बाहेर रणरणतं ऊन असल्यामुळे उजेड कमी पडत असेल अशी शंकाही मनात येत नाही. मी पाहिलेल्या गॅलऱ्यांत दक्षिणेकडच्यांना हा घोळ सगळ्यात जास्त दिसला आहे.

पश्चिमेच्या गॅलरीचं उलट. हिवाळ्यात तिथलं ऊन सौम्य आणि उपयोगाचं, मेमध्ये तेच जाळणारं. पूर्वेची गॅलरी वर्षभर चांगली, सकाळी सात ते अकराचं ऊन कॅपेन्सिसला पुरतं. ज्यांच्याकडे फक्त उत्तर आहे त्यांनी सरळ दिव्याकडे वळावं. जागा बदलताना एका दिवसात सावलीतून उन्हात नेऊ नका. आठ-दहा दिवसांत तास-तास वाढवत न्या, नाहीतर पानं करपतील आणि त्याचाही दोष हवेच्या माथी जाईल.

खोलीतला उजेड डोळ्यांना फसवतो. खिडकीपासून तीन फुटांवर आपल्याला लख्ख वाटतं तिथे मोबाइलचं लक्स मोजणारं ॲप लावलं तर हजार-दीड हजार दिसतात. उघड्यावर मेच्या दुपारी लाखाच्या आसपास असतात. ड्रॉसेराला दिव्याखाली किमान आठ-दहा हजार हवेत. त्यासाठी जांभळ्या प्रकाशाचे महागडे दिवे लागत नाहीत. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणाऱ्या २० वॉटच्या पांढऱ्या एलईडी बॅटन घ्या, ६५०० केल्व्हिनच्या, आणि दोन शेजारी शेजारी लावा. एकीने भागत नाही. पानांपासून १५ ते २० सेंटिमीटरवर टांगा. छताला ट्यूब आहे आणि झाड टेबलावर, याचा काही उपयोग नाही. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्म्यावर येतो. टायमर लावून रोज १२ ते १४ तास द्या. चौदा तासांना महिन्याकाठी सतरा युनिटच्या आसपास वीज जाते. उन्हाळ्यात खोली तापत असेल तर दिवे रात्री लावले तरी झाडाला चालतं, फक्त मग दिवसा अंधार मिळायला हवा.

उजेड पुरतोय का, हे केसांचा रंग सांगतो. दोन-तीन आठवड्यांत नव्या पानांचे केस लाल व्हायला लागले की जमलं. कॅपेन्सिसची अल्बा ही जात मात्र कितीही उजेड दिला तरी लाल होत नाही, तिच्याकडे बघून घाबरू नका.

आणि हवा?

वरचं सगळं नीट असेल तर ३०-४० टक्के दमटपणातही ही दोन्ही झाडं दव धरतात. एप्रिलच्या दुपारी आकडा २० च्या खाली जातो तेव्हा थेंब बारीक होतील, होऊ द्या. पश्चिमेच्या झळा अडवायला हिरवी जाळी बांधा, कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा. एवढं पुरतं. स्प्रेने पाणी मारल्याने असलेलं दवही धुऊन जातं आणि नळाचं पाणी असेल तर पानावर क्षार बसतात. उपडी बाटली किंवा काचेची बरणी उन्हात ठेवली तर आतलं तापमान ५० च्या पुढे जातं. ते झाड दमटपणाने मेलं की उन्हाने, हा वाद मग कोणी घालत बसत नाही. अडेलेसारखी ऑस्ट्रेलियाच्या वर्षावनातली जात खरोखर दमट हवा मागते. ती आपल्या गॅलरीसाठी नाहीच. थंड देशांतली रोटुंडिफोलियाही घेऊ नका. तिला हिवाळ्यात कडाक्याची, लांब झोप लागते, ती इथे मिळत नाही.

माती, किडे आणि घास

या झाडांना लागतं ते पीट मॉस, म्हणजे दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ. त्याच्या नावाखाली कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, गळ्यात मारलं जाणं सर्रास चालतं. आपल्याकडे टोमॅटो-मिरचीच्या रोपवाटिकांमुळे कोकोपीट कुठेही मिळतं आणि भाजीच्या रोपांना ते उत्तमच आहे. पण न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम-पोटॅशियमचे क्षार भरलेले असतात. शंका असेल तर चमचाभर मिश्रण पेलाभर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर भिजवा आणि सकाळी मीटर बुडवा. चांगल्या पीटचा आकडा फार चढत नाही, कोकोपीटचा शेकड्यांत जाऊ शकतो. कुंडीत भरायचं ते पीट आणि परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) निम्मं-निम्मं, किंवा परलाइटऐवजी फिल्टरमध्ये वापरतात ती सिलिका वाळू. नदीची वाळू वापरायचीच असेल तर तीवर व्हिनेगर टाकून बघा. फसफसली तर चुनखडी आहे, नको. शेणखत, गांडूळखत, डीएपी यांचा कणही नको. मातीची कुंडी थेट वापरू नका.

मावा लागला तर साबणपाणी किंवा द्राक्षबागेतलं उरलेलं औषध मारण्याआधी साधी गोष्ट करा. अख्खी कुंडी झाडासकट चांगल्या पाण्यात एक-दोन दिवस बुडवून ठेवा. मावा गुदमरून मरतो, ड्रॉसेरा मरत नाही. दव जातं, आठवड्याभरात परत येतं.

घास भरवायची हौस आवरा. डार्विनने १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ड्रॉसेराला मांसाचे कण, दूध, अंड्याचा पांढरा बलक असं काय काय घालून पाहिलं होतं; तो प्रयोग करत होता, आपण झाड पाळतोय. चिकन-पनीरच्या तुकड्याला बुरशी येते आणि पान सडतं. गॅलरीतल्या झाडाला चिलटं, डास आपोआप मिळतात. खोलीतल्या झाडाला तीन आठवड्यांतून एकदा फिशफूडची चिमूट पाण्यात कालवून एक-दोन पानांवर लावा. पान त्याभोवती वळायला काही तास घेतं. पान कोरडं असेल तर काहीच घालू नका. दव नसताना घातलेलं अन्न पचत नाही, कुजतं.

दरवर्षी मरणारी जात

कधी कधी निवारण करण्यासारखं काही नसतंच. सह्याद्रीच्या कातळसड्यांवर उगवणारे आपले दवबिंदू, बर्मनाय आणि इंडिका, बहुधा एका हंगामाचे असतात. पावसात रुजतात, फुलतात, बी टाकतात आणि कातळ सुकला की संपतात. घरच्या कुंडीत ओल टिकली तर थोडे जास्त जगतात, इतकंच. तुमच्याकडे यांपैकी एक असेल आणि फुलोऱ्यानंतर ते वाळलं, तर तुमचं काही चुकलेलं नाही. वाळलेल्या बोंडाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. काळं, धुळीसारखं बारीक बी पडेल. ते कागदाच्या पुडीत कोरडं ठेवा आणि पावसाळा लागला की ओल्या पीटवर नुसतं भुरभुरवा. वर माती घालू नका, रुजायला त्याला उजेड लागतो. कातळावर दिसलेलं झाड उपटून आणण्यात मात्र अर्थ नाही. इंडिकाची मुळं हलवलेली सोसत नाहीत, आणि कासचं पठार तर २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे.

काड्या उरल्या असतील तर

कॅपेन्सिस वरून पूर्ण वाळला तरी कुंडी फेकू नका. याची मुळं जाड, काळी असतात. काळी आहेत म्हणून सडली असं समजून लोक उपटतात, पण त्यांचा रंगच तो आहे. वाळलेला भाग मातीच्या वर सेंटिमीटरभर ठेवून कात्रीने कापा, कुंडी एकदा वरून धुवा, सावलीत पण उजेडात ठेवा आणि पाणी नेहमीपेक्षा कमी, नुसती ओल राहील इतकंच घाला. चार ते आठ आठवड्यांत बुडाशी किंवा कुंडीच्या कडेला, जिथे मूळ पोचलं असेल तिथे, बारीक कोंब येऊ शकतात. एकाऐवजी तीन-चारही येतात. मुळं बोटांत धरल्यावर मऊ लागली, साल निसटून आत दोऱ्यासारखी शीर राहिली, तर मात्र ती शिजलेली आहेत. मग मिश्रणासकट सगळं टाकून द्या. क्षार धरलेलं जुनं पीट नव्या झाडाला वापरू नका. नवीन झाड जूनच्या शेवटी आणा, जानेवारीत नको. म्हणजे त्याला रुळायला अख्खा पावसाळा आणि हिवाळा मिळतो.